जुना ट्रक स्टार्ट होत नाही? पंप उतरवायच्या आधी हे क्रमानं बघा

दरवर्षी ऑक्टोबर आला की कराड, इस्लामपूर, शिराळा, तासगाव ह्या पट्ट्यात एकच धावपळ सुरू होते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ आलेली असते, तोडणीच्या टोळ्या यायला लागलेल्या असतात आणि मार्च-एप्रिलपासून गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून उभा केलेला ट्रक काही केल्या स्टार्ट होत नसतो. मग चार माणसं गोळा होतात, एक म्हणतो नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे) गेले, दुसरा म्हणतो पंप (नोझलना दाबानं डिझेल देणारा) गेला, तिसरा म्हणतो इंजिनच बसलं, आणि काहीच न तपासता पंप उतरवून दुकानात जातो. पंप येतो, बसवतात, गाडी तरी स्टार्ट होत नाही, कारण मूळ दोष टाकीकडनं येणाऱ्या नळीच्या एका तांब्याच्या वायसरमध्ये असतो. मालकाचा पैसा आणि हंगामाचे पहिले दिवस असे वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हे कुठल्या गाड्यांसाठी आहे ते आधी सांगतो. जुने टाटा १२१०, १६१२, १६१३, म्हणजे ज्यात सहा सिलिंडरचं ६९२ किंवा ६९७ इंजिन आहे (६९७ म्हणजे ५६७५ सीसी), तसंच जुने लेलँड, आणि चार सिलिंडरचं जुनं ४०७. थोडक्यात ज्याला मायकोचा साधा लाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप देणारा) आहे, ना सेन्सर ना ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), अशी गाडी. नवीन कॉमन रेलवाल्या (एकाच जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाब साठवणाऱ्या) गाडीला ह्यातलं प्रेशर पाइप ढिला करायचं काम अजिबात करू नका, तिथं रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं आणि त्यात माणूस जायबंदी होतो.

सुरुवातीला पाना हातात घ्यायचाच नाही. ड्रायव्हरला विचारायचं की गाडी बंद कशी पडली. चालता चालता धक्के खात, दम तोडत बंद पडली असेल तर बहुतेक डिझेल कमी पडलंय नाहीतर एअर धरलीय, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलीय. एकदम खटकन बंद झाली असेल तर स्टॉपर (इंजिन बंद करायची केबल-लिव्हर) किंवा पंप फिरवणारा कपलिंग, गिअर इकडं बघायचं. रोज सकाळी थोडं थोडं जास्त सेल्फ मारावं लागत होतं आणि एक दिवस स्टार्टच झाली नाही, तर बॅटरी, सेल्फ नाहीतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब). आणि सहा महिने उभी असेल तर सगळंच क्रमानं बघावं लागतं. ड्रायव्हर हे नीट सांगतो, फक्त त्याला कुणी विचारत नाही.

मग गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकाला पुढनं मागनं दगड. आता कामाला लागू.

पहिला प्रश्न एकच: इंजिन फिरतंय का, आणि पुरेशा वेगानं फिरतंय का?

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो हे सगळ्यांना माहीत आहे पण त्याचा अर्थ लोक लक्षात घेत नाहीत. पिस्टन हवा दाबतो, साधारण सतराव्या हिश्श्यापर्यंत, त्या दाबानं हवा पाचशे डिग्रीच्या आसपास किंवा वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पेटतो. इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा रिंगांच्या बाजूनं निसटते, उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते, आणि डिझेल पेटतच नाही. मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे तरी पाहिजेत. म्हणजे "सेल्फ तर फिरतोय की" एवढ्यावर समाधान मानायचं नाही, तो ओढत ओढत फिरत असेल तर दोष अजून इथंच आहे, पंपापर्यंत जायची गरजच नाही.

बॅटरी मीटरनं बघा. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, त्या वेगवेगळ्या मोजायच्या, एकत्र मोजून फसगत होते. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरली. एक १२.६ आणि दुसरी ११.५ दाखवत असेल तर त्या दुसरीनं पहिलीलाही ओढून धरलंय. मग मीटर लावून ठेवूनच सेल्फ मारायला सांगा, एकेक बॅटरी साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीत दम नाही, उभी असताना कितीही चांगली दिसू दे. हायड्रोमीटर (बॅटरीच्या ॲसिडची घनता मोजायचा) असेल तर सहाही खाने बघा, पाच खाने १.२४० च्या पुढं आणि एक १.१५० असा निघाला तर ती बॅटरी चार्जिंगला लावून उपयोग नाही.

बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ मंद, तर वायरी. आपल्याकडं पावसाळ्यात उभ्या गाडीचे टर्मिनल हिरवे-पांढरे होतात, पाटण-शिराळ्याकडं तर विचारूच नका. काढून गरम पाणी आणि खायचा सोडा लावून धुवा, ब्रशनं चकचकीत करा, घट्ट बसवून वरनं व्हॅसलीन लावा. दोन बॅटऱ्यांमधली जोडवायर आणि कटऑफ स्विच असेल तर तोही बघा. पण सगळ्यात दुर्लक्ष होतं ते अर्थिंगकडं. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्याला चासीशी जोडणारी अर्थची पट्टी गंजली की सेल्फला करंट परत जायला वाटच राहत नाही. तपासायचं सोपंय, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या जागेवर धरून सेल्फ मारायचा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. तसंच प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. ह्या दोन टेस्टला पाच मिनिटं लागतात आणि चांगला सेल्फ उगाच खोलायचा वाचतो.

चावी फिरवल्यावर काही आवाजच नाही, तर हेडलाइट लावून बघा. लाइट जराही मंद होत नसेल तर करंट सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवरच्या मोठ्या स्विचपर्यंत) पोचतच नाही, चावी, रिले, बारीक वायर बघायची. लाइट एकदम विझत असेल तर बॅटरी किंवा जोड. आणि मोठ्यानं टक करून लाइट खूप मंद होऊन सगळं थांबत असेल तर तिथंच थांबा, परत चावी फिरवू नका.

कारण इंजिन आतनं अडलेलं असू शकतं. हेड गॅस्केट गेलं असेल, लाइनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) भोक पडलं असेल तर सिलिंडरमध्ये पाणी भरतं, पाणी दबत नाही आणि जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टला आणि २०२१ च्या जुलैला कृष्णेचा पूर आला तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्यांना नंतर सेल्फ मारणं सगळ्यात घातक होतं. पाण्यात गेलेल्या गाडीला आधी ऑइल काढायचं, नोझल काढायचे, फ्रंट पुलीच्या नटला पाना लावून हातानं इंजिन फिरवायचं, भोकांतनं पाणी बाहेर येऊ द्यायचं, टाकी, फिल्टर, एअर क्लीनर सगळं रिकामं करून साफ करायचं, मग पुढचं. बरेच महिने उभ्या गाडीलासुद्धा मी हेच सांगीन, सेल्फच्या आधी पान्यानं दोन पूर्ण फेरे हातानं द्या. सहज फिरलं तर चिंता नाही.

सेल्फ नुसताच सुंई करून फिरतो, इंजिन हलत नाही, असं असेल तर बेंडिक्स (सेल्फचा पुढं सरकणारा दातेरी भाग) किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात. इंजिन बंद होताना ठराविक जागीच थांबतं, सहा सिलिंडरला तीन जागा आणि चार सिलिंडरला दोन, म्हणून रिंगचे दात तेवढ्याच जागी झिजतात. चावी बंद, गाडी टॉप गिअरला टाकून थोडी पुढंमागं हलवा म्हणजे इंजिनची जागा बदलेल, परत न्यूट्रल करून सेल्फ मारा, धरला तर दोष रिंगमध्ये.

आणि एक, सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. चावी दाबून धरून बसणारे ड्रायव्हर सेल्फची वाइंडिंग आणि बॅटरी एकाच दिवशी घालवतात.

आता समजा इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही. इथं एका माणसाला मागं उभं करा, सायलेन्सरकडं बघत. ह्या धुरावर पुढचं सगळं ठरतं. अजिबात धूर नाही म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येतोय म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. काळा धूर टाकतंय आणि भुकभुक करून सोडतंय म्हणजे हवा कमी पडतीय.

धूर नसेल तर सगळ्यात आधी स्टॉपर. जुन्या गाडीत नॉब ओढून इंजिन बंद करायचं, त्याची केबल पंपाच्या लिव्हरपर्यंत जाते आणि पावसाळ्यात ती आतनं गंजते. नॉब आत ढकललेला दिसतो पण लिव्हर बंदच्या जागी अडकून असते. एकानं केबिनमधनं नॉब ओढून सोडायचा आणि दुसऱ्यानं पंपाजवळ लिव्हर पूर्ण मागं येते का ते डोळ्यानं बघायचं. शंका असेल तर केबल काढून लिव्हर हातानं चालू बाजूला करून सेल्फ मारा. हे न बघता पंप उतरवणं म्हणजे मालकाच्या खिशावर अन्याय आहे.

मग टाकी. काट्यावर विश्वास ठेवू नका, काठी घालून बघा. तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवा, पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा थेंब होऊन तळाला जातो, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळपट बुळबुळीत शेवाळासारखा थर वाढतो तो पुढं जाळीत अडकतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा, ते बुजलं तर गाडी पाच-दहा किलोमीटर चालून बंद पडते आणि झाकण उघडलं की हुश्श करून हवा आत जाते.

आता एअर काढणं. क्रम टाकीकडून पंपाकडं ठेवायचा. फीड पंपाची (टाकीतनं डिझेल ओढून फिल्टरकडं ढकलणाऱ्या छोट्या पंपाची) वाटी आणि जाळी साफ करा, फिल्टर जुने असतील तर बदला, मग फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे ढिला करून हँड प्रायमर (फीड पंपावरचा हातानं मारायचा दट्ट्या) मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ धार आली की प्रायमर चालू असतानाच स्क्रू आवळायचा. दोन फिल्टर असतील तर दोन्हीचं, शेवटी पंपावरच्या स्क्रूचं. सगळी एअर निघाली की प्रायमर हाताला कडक लागतो. तो मऊच राहिला, कितीही मारला तरी फेस थांबेना, तर एअर कुठनं तरी आत येतीय नाहीतर फीड पंपाचे व्हॉल्व्ह गेलेत.

इथंच बहुतेक लोक फसतात. फीड पंपाच्या पुढं, म्हणजे फिल्टर आणि पंपाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, ओलं दिसतं. पण टाकी ते फीड पंप ह्या नळीत डिझेल ओढलं जातं, तिथं बारीक चीर असली तर डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत जाते. कोरडी, स्वच्छ दिसणारी नळीच दोषी असते आणि माणूस ओली जागा शोधत बसतो. ह्याची पक्की टेस्ट म्हणजे वेगळा डबा. पाच लिटर स्वच्छ डिझेल कॅनमध्ये घेऊन तो फीड पंपापेक्षा वर बांधा, नवीन पारदर्शक नळीनं सरळ फीड पंपाच्या तोंडाला जोडा, एअर काढा, सेल्फ मारा. स्टार्ट होऊन नीट चालली तर इंजिन, पंप, नोझल सगळे निर्दोष, दोष टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या नळीत, बँजोच्या (नळीच्या टोकाच्या पोकळ बोल्टच्या जोडाच्या) वायसरमध्ये किंवा टाकीतल्या ओढ नळीत. नाही झाली तर तेवढा भाग यादीतनं बाद. माझ्या मते जुन्या गाडीवरची ह्याहून मोलाची टेस्ट नाही, आणि खर्च म्हणाल तर फक्त नळीचा. तांब्याचे वायसर परत वापरू नका, नवीन टाका, काही रुपयांचा प्रश्न आहे.

रात्रभर उभी राहिली की सकाळी प्रायमर मारल्याशिवाय स्टार्ट होत नाही पण दिवसभर एका सेल्फमध्ये होते, हीसुद्धा त्याच आजाराची सुरुवात आहे. रात्रीत डिझेल टाकीत परत उतरतं. कधी फीड पंपाचा व्हॉल्व्ह, कधी पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, पण आधी डबा लावून बघाच.

पंपापर्यंत डिझेल आलं आणि तरी धूर नाही, तर दोन-तीन नोझलकडचे प्रेशर पाइपचे नट एक-दीड आटा ढिले करून सेल्फ मारा. प्रत्येक ठिकाणी ठोके देत डिझेल उसळलं पाहिजे. उसळायला लागलं की नट आवळा, बऱ्याचदा तिथंच इंजिन पेटतं कारण पाइपमधली एअर शेवटी निघालेली असते. एकाही पाइपला काही नाही तर पंप फिरतोय का ते बघा, कपलिंग तुटला किंवा त्याच्या शाफ्टमधली लोखंडी चावी कापली तर इंजिन फिरतं आणि पंप जागेवर असतो. फिरत असेल तर आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) अडकलाय, बरेच महिने उभ्या गाडीत जुनं डिझेल चिकट होऊन असं होतं. बाजूची प्लेट काढून रॅक बोटानं हलतो का बघता येतं, पण हातोडी लावायची नाही, हे काम पंपवाल्याचं. आता मात्र पंप उतरवायला खरं कारण आहे.

रॅक फुल्ल बाजूला अडकला असेल तर इंजिन पेटताच रेस होऊन आवरत नाही. म्हणून पंपाशी छेडछाड केल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना एअर क्लीनरची नळी काढून एक माणूस जाड लाकडी फळी घेऊन उभा ठेवा, स्टॉपरनं बंद झालं नाही तर तोंडावर फळी दाबायची. हात किंवा फडकं लावायचं नाही, आत ओढलं जातं. तसंच नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट धरून "प्रेशर बघायची" सवय असेल तर आजपासून बंद करा. तो फवारा कातडीतनं आत घुसतो, बाहेरनं टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आतनं बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठा दवाखाना गाठायचा.

पांढरा धूर येतोय पण पेटत नाही, ह्याचं पहिलं कारण परत तेच, फिरण्याचा वेग. तो ठीक असेल तर डिझेलमधलं पाणी, मग नोझल. नोझल टेस्टिंगवर लावून घ्या, फवाऱ्याऐवजी थेंब टपकत असतील तर ते पेटणार नाहीत. पंप नुकताच काढून बसवला असेल तर टायमिंग, आणि पाइप सिलिंडरच्या क्रमानं लागलेत का, सहा सिलिंडरचा क्रम १-५-३-६-२-४ आणि चारचा १-३-४-२. हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा) असलेलं इंजिन असेल तर एकेका प्लगला टेस्ट लॅम्प लावून बघा, महाबळेश्वर-पाचगणीकडं डिसेंबर-जानेवारीत दोन प्लग गेलेले लगेच जाणवतात, खाली तासगावात कळतही नाहीत.

काळा धूर असेल तर एअर क्लीनर उघडा. उभ्या गाडीत उंदरांनी चिंध्या-पाचट भरलेलं असतं, सायलेन्सरच्या तोंडातही. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याची पाकळी बंद अवस्थेत गंजून अडकलेली असू शकते, घाटात चालणाऱ्या गाडीला हे जरूर बघा.

इतकं सगळं होऊनही नाही तर कॉम्प्रेशन. सेल्फ मारताना कान देऊन ऐका, सगळे ठोके सारखे पाहिजेत, मध्येच एक ठोका मोकळा जात असेल तर तो सिलिंडर पोकळ. गेज लावलं तर अशा इंजिनला साधारण २४ ते २८ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) चांगलं, वीसच्या खाली कमजोर, आणि सिलिंडरांमध्ये तीन किलोच्या वर फरक नको. कमी आलं म्हणून लगेच इंजिन खोलू नका, आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं, अर्ध्या दिवसाच्या कामात गाडी परत उभी राहते. टॅपेट बरोबर असतील तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, आकडा चढला तर रिंग-लाइनर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. चमचाभरच, जास्त टाकलं तर तेच ऑइल दबणार नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर बहुतेक गॅस्केट.

स्टार्टिंगचा इथर स्प्रे किंवा पेट्रोलचं फडकं एअर क्लीनरच्या तोंडाला धरायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. पिस्टन वर पोचायच्या आधीच ते पेटतं, रिंगांच्या जागा तुटतात, आणि हीटर प्लगवाल्या इंजिनात तर सरळ स्फोट होऊ शकतो. धक्का स्टार्टचंही तसंच. सेल्फ खराब असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर सपाट रस्त्यावर चालेल, पण एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे ब्रेकच्या टाकीत हवा नाही आणि हवा नाही म्हणजे ब्रेक नाही, उतारावर सोडलेली अशी गाडी पेटली नाही तर थांबवणार कशी? दुसऱ्या गाडीवरनं करंट घ्यायचा असेल तर दोन्ही सारख्याच व्होल्टच्या आहेत ना बघा, आणि मायनसची वायर शेवटी, बॅटरीपासून लांब चासीला लावा, बॅटरीतनं निघणारा गॅस ठिणगीनं पेटतो.

स्टार्ट झाली की लगेच रेस करू नका. ऑइल प्रेशर आलं का बघा, ब्रेकच्या टाकीत हवा भरू द्या, अर्धा तास चालवा. मीटर लावून चार्जिंग बघा, २४ व्होल्टला साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस, १२ व्होल्टला चौदाच्या आसपास. तेवढं येत नसेल तर उद्या बॅटरी परत उतरणारच. ढिले केलेले सगळे नट, बँजो, एअरचे स्क्रू फडक्यानं पुसून परत गळतात का बघा, मग बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्ट करा. आणि ऊस भरायला पाठवायच्या आधी एक रात्र उभी ठेवा, सकाळी प्रायमरला हात न लावता थंड इंजिन एका सेल्फमध्ये पेटलं तरच फडात पाठवा, नाही पेटलं तर डबा आणि पारदर्शक नळी परत जोडून बुडबुडे कुठनं येतात ते शोधा.